यशवंतपूरला न जाण्याचे दिवस

छापखान्यात मृत्यू दोन प्रकारचे असत : झालेले आणि तयार करून ठेवलेले.

बाहेरच्या माणसाला हे क्रूर वाटेल, म्हणून आधी नीट सांगते. सकाळी तुमच्या दाराशी पडणारा अंक आदल्या रात्रीच छापून झालेला असतो. एखादे वयोवृद्ध पुढारी अत्यवस्थ असले, की त्यांचा जीवनपट लिहून, छायाचित्र निवडून, छपाईचे खिळे जुळवून ठेवत. त्यांनी प्राण सोडला की वरची ओळ तेवढी बसवायची. याला आम्ही ‘तयार मजकूर’ म्हणत असू. पुष्कळ पुढारी बरे होऊन घरी जात, आणि त्यांचा मृत्यू सुतळीने बांधलेल्या शिशाच्या अक्षरांत, फळीवर धूळ खात पडून राही. जाता-येता मी त्या अक्षरांवरून बोट फिरवी. त्यांचा गारवा मला अजून आठवतो.

मी बंगळूरच्या एका कन्नड दैनिकात नोकरी केली. घरात मराठी, दारात कन्नड, असे आमचे बसवनगुडीतले जुने घराणे. महाविद्यालयात मी वृत्ते आणि अलंकार शिकले, आणि माझ्या कवितांची वही घेऊन त्या दैनिकाच्या कचेरीत गेले. संपादकांनी कविता परत दिल्या आणि मला ठेवून घेतले. तेव्हापासून कचेरीत माझे नाव ‘कवी अक्का’. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मी कधी मोजले नाही.

गेल्या महिन्यात इलेक्ट्रॉनिक सिटीतले दोन तरुण माझ्याकडे आले. गाजलेल्या खुन्यांवर ते ध्वनिमालिका करतात. माझ्या दिवाणखान्यात त्यांनी मायक्रोफोन उभा केला, पंखा बंद करायला सांगितला, आणि त्यातला दाढीवाला हळूच म्हणाला, “आँटी, यशवंतपूरच्या यमाचे शेवटचे शब्द काय होते? नेटवर चार व्हर्जन्स आहेत.”

त्या चारांपैकी एक तरी माझ्या डोळ्यांदेखत, डोशाच्या बशीशेजारी तयार झाले होते. त्यांना मी कॉफी दिली आणि ‘मला माहीत नाही’ असे सांगितले. त्यांनी नम्रपणे यंत्र आवरले. ते गेल्यावर वाटले, की मला जे माहीत आहे ते कुणी विचारलेच नाही. ते इथे लिहिते.

‘यशवंतपूरचा यम’ हे नाव वृत्तपत्रांनी दिलेले. त्यात अनुप्रास आहे, आणि अनुप्रासावर अंक खपतात. त्याचे खरे नाव सिद्राम. यशवंतपूरच्या घाऊक बाजारात तो हमाल होता. रेल्वेने माल घ्यायला येणाऱ्या एकट्या व्यापाऱ्यांना स्वस्त मुक्कामाची जागा दाखवतो म्हणून रिकाम्या गोदामात न्यायचे आणि तिथे मारायचे, असा त्याच्यावर आरोप होता आणि तो तीन खुनांत सिद्ध झाला. तिन्ही घरांत वाट पाहणारी माणसे होती. हे मी विसरत नाही. त्याची आईही विसरत नव्हती. पण तीन खुनांनी वृत्तपत्रांचे पोट भरत नव्हते. समोरच्या गल्लीतल्या दैनिकात खून सात झाले, मग अकरा. आरोपीचे डोळे ‘वटवाघळासारखे’ झाले. वटवाघळाचे डोळे कसे असतात, हे त्या वार्ताहराने कधी जवळून पाहिले नसावे.

सिद्रामची आई त्याच बाजारात कांदे निवडत असे. तानूबाई तिचे नाव. निपाणीकडची, मराठी बोलणारी. बाजाराने तिची ‘तानव्वा’ केली होती. शिक्षा ठरल्यापासून तिच्यासमोर छायाचित्रकारांची रांग लागली. ती मान वर करत नसे. मग समोरच्या दैनिकात मथळा आला : ‘कांद्यानेही जिला रडू येत नाही!’ खाली तिचे चित्र, हातात कांदा, डोळे कोरडे.

आमचे वृत्तसंपादक रामय्या यांनी तो अंक माझ्यासमोर ठेवला. काटकुळी मूर्ती, शर्टाच्या खिशात तपकिरीची डबी. चिडले की ते आणखी हळू बोलत.

“तुम्हाला मराठी येतं, अक्का. जाऊन भेटा.”

“काय विचारू?”

“काही विचारू नका. शेजारी बसून या.”

मी गेले. यशवंतपूरच्या त्या आवाराला स्वतःचे हवामान होते. प्रवेशद्वाराशी गुळाच्या ढेपींचा उबदार, किंचित आंबूस दर्प. पुढे बटाट्याच्या मातीचा थंड वास. आणि शेवटी कांद्याच्या छपराखाली असे काहीतरी, जे नाकाला लागण्याआधी डोळ्यांना लागे. छपराच्या अंधारात सालींचा गुलाबी पाचोळा पायाखाली कुजबुजत होता. तानव्वा गोणपाटावर बसली होती. तिचा उजवा हात कांदा उचली, अंगठा त्याच्या मानेवर दाबून पाही, आणि कांदा नासका असला तर डावीकडे, टिकाऊ असला तर उजवीकडे पडे. त्या हालचालीला लय होती. एखाद्या जात्यावरच्या ओवीची, फक्त शब्द गाळलेल्या.

मी शेजारी बसले, आणि थोड्याच वेळात माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. पदर भिजला.

तानव्वाने पहिल्यांदाच मान वर केली. “अगं बाई, तूच रडायला लागलीस की. हिचा फोटो काढा म्हणावं त्यास्नी.”

शेजारच्या बायका हसल्या. तीही हसली. “पहिलं वरीस समद्यास्नी असंच होतंय. मग डोळं शिकत्यात. आमचं शिकल्यात, म्हणून पेपरवाल्यास्नी राग आलाय.”

मी तिला मावशी म्हणू लागले, आणि मध्ये-मध्ये जाऊ लागले. मुलाविषयी ती एकदाच बोलली. “त्यानं केलंय. न्हाई म्हणणार न्हाई मी. पर माझ्या पोटचा हाय, तेबी न्हाई म्हणता येत न्हाई.” एवढे बोलून तिने कांदा उचलला, दाबला, डावीकडे टाकला.

तिचे दुःख एका विशिष्ट आवाजाला बांधलेले होते. तिला वाचता येत नव्हते. बाजारात सायकलवरून अंक विकणारा रोज सकाळी मथळे ओरडत जाई, आणि आपल्या मुलाचे काय झाले ते तिला त्या आरोळीतून कळे. एकदा तो ‘यम सुटणार’ असे ओरडला. तिने शेजारणींना गूळ वाटला. आत मजकूर एवढाच होता, की वकिलाने अर्ज केला आहे. एकदा ‘यम तुरुंगात वेडा झाला’. ती आगगाडीने बेळगावकडच्या तुरुंगापर्यंत गेली, तर तो शहाणा होता आणि आईला म्हणाला, की एवढ्या लांब कशाला आलीस.

राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला आणि फाशीचा दिवस ठरला, तेव्हा ती शेवटची भेट घेऊन आली. तिचा भाऊ तिकडेच थांबला. अंत्यविधी तोच करणार होता. परतल्यावर ती दुसऱ्या दिवशी छपराखाली हजर. मी शेजारी बसले तशी तिने हातातला कांदा खाली ठेवला.

“एक काम करशील?”

“सांगा, मावशी.”

“भाऊ गाडीनं येऊन सांगंस्तवर दुसरा दिस उजाडतोय. त्याआधी तो सायकलवाला वरडणार. त्याच्या वरडण्यावर मी आता कान देत न्हाई. तू ये. तुझ्या कचेरीत खरं कळतंय न्हवं? झालं, की ये आन् सांग. झालं असलं तरच ये. नसलं तर येऊ नको.”

“आणि मध्येच काही कळलं तर?”

“मधलं काय सांगायला येऊ नको, पोरी. मधल्यानंच माणूस मरतंय.”

मी होकार दिला. शब्दांवर जगणाऱ्या बाईने आपल्या आयुष्यात दिलेला हा सर्वांत जड शब्द होता, हे मला तेव्हा उमगले नव्हते.

आता धंद्यातली अडचण. फाशी पहाटे देतात. सकाळचा अंक त्याआधी छापून निघतो. म्हणजे ज्या दिवशी सगळे गाव ती बातमी वाचायला अंक विकत घेणार, त्याच अंकात ती असू शकत नाही. मग दोनच मार्ग उरतात. एक, ‘आज पहाटे फाशी होणार’ असे लिहायचे आणि घडलेली गोष्ट चोवीस तासांनी शिळी करून वाढायची. दुसरा, तयार मजकूर.

आदल्या दिवशी दुपारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या उपाहारगृहात समोरच्या दैनिकाचा नागराज माझ्या मेजावर येऊन बसला. गुन्हेवार्तांमध्ये त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बशीशेजारी कागद ठेवून तो दुसऱ्या दिवशीच्या पहाटेचे ‘प्रत्यक्षदर्शी’ वर्णन लिहीत होता. सिद्रामने शेवटचे पुरणाचे होळिगे मागितले, अर्धेच खाल्ले. वधस्तंभाच्या पायरीवर तो ‘अम्मा’ म्हणाला.

“तो मराठी आहे,” मी म्हटले. “तो ‘आई’ म्हणेल.”

“वाचक कन्नड आहे, अक्का. त्याला अम्माच पाहिजे.” त्याने डोशाचा तुकडा चटणीत बुडवला. “तुम्ही कवी. फाशीचा दोर ताणला गेला की कसा आवाज होतो? एक शब्द द्या.”

“मला माहीत नाही.”

“माहीत नसतानाच तर कविता करतात.”

मला हसू आले हे खरे. नागराज दुष्ट नव्हता. त्याच्या वाक्यांना धार होती, गती होती. जे त्याने पाहिलेले नव्हते ते तो असे लिही, की आपण पाहिल्यासारखे वाटावे. हेच तर मला महाविद्यालयात कवितेचे लक्षण म्हणून शिकवले होते. मी कॉफी अर्धी टाकून उठले.

संध्याकाळी आमच्याकडे विक्रीविभागाचे प्रमुख रामय्यांच्या मेजापुढे उभे होते. “सर, समोरचे उद्या ‘फाशी दिली’ छापणार. आपण ‘देणार’ छापलं तर गठ्ठे जसेच्या तसे परत येतील. बारा तासांचाच तर फरक आहे.”

रामय्यांनी तपकिरीची चिमूट घेतली. “तो आत्ता काय करतोय?”

“कोण?”

“सिद्राम. आत्ता, या घटकेला.”

“मला काय ठाऊक, सर? जेवत असेल.”

“मग स्वल्प थांबू. जेवणाऱ्या माणसाचे शेवटचे शब्द मी छापत नाही.”

आवाज चढला नाही, भाषण झाले नाही. रामय्यांनी लाल पेन्सिलने ‘होणार’ या शब्दाखाली रेघ ओढली आणि पान खाली पाठवले. पुढे पुष्कळ संपादक पाहिले, पुरस्कार घेताना गहिवरलेले. पण या धंद्यातली नीती म्हटले की मला ती लाल रेघ दिसते.

सकाळी मी अंघोळ करून निघण्याच्या तयारीत असताना शेजारच्यांकडे फोन आला. रामय्या होते. “अक्का, झालेलं नाही. वरच्या न्यायालयाने ऐनवेळी स्थगिती दिली. त्याला पुन्हा कोठडीत नेलं. मी तुरुंगाशी स्वतः बोललो.”

“आणि समोरचा अंक?”

“गल्लोगल्ली गेला. होळिगे, अम्मा, सगळं.”

म्हणजे त्या क्षणी, यशवंतपूरच्या छपराखाली, एका जिवंत माणसाची आई मेलेल्याची आई झाली होती. मी चपला अडकवल्या. बसमध्ये मला एकच वाक्य सुचत होते आणि मी ते ओठांत घोळवत होते : मावशी, तो आहे. मावशी, तो आहे.

प्रवेशद्वाराशी गुळाचा तो ओळखीचा दर्प आला. आत शिरणार तोच मुनियप्पा नावाच्या हमालाने मला पाहिले. सिद्रामबरोबर पूर्वी काम केलेला, तानव्वाला रोज चहा आणून देणारा हा थोराड माणूस. माझ्याकडे पाहता-पाहता त्याने पाठीवरचे पोते सावकाश जमिनीवर उतरवले, आणि डोक्याचे फडके काढून हातात घेतले.

“हौदा, अक्का?” तो म्हणाला. “म्हणजे खरंच झालं?”

“नाही, नाही. तो जिवंत आहे. तेच सांगायला आले.”

त्याचा चेहरा उजळला, आणि लगेच पुन्हा विझला. “मग इथून पुढे एक पाऊल टाकू नका.”

“का?”

“सकाळपासून सगळ्या बायका तिच्याभोवती रडतायत. कुणी तिला पोटाशी धरलं, कुणी तिच्या हातातला कांदा काढून घ्यायला गेलं. तिने सगळ्यांना एकच सांगितलं : कचेरीतली बाई आलेली नाही. ती आली नाही, म्हणजे झालं नाही.” त्याने फडके पिळले. “तुम्ही दिसलात, की तिथपर्यंत पोहोचून तुम्ही तोंड उघडायच्या आत ती मरेल.”

माझ्या पायांखालची जमीन गुळाने चिकट होती. मला ते आठवते, कारण मी कितीतरी वेळ पाय उचलूच शकले नाही. माझ्याकडे जगातली सर्वांत चांगली बातमी होती, आणि ती घेऊन जाण्याला मीच अपात्र होते.

“मग तुम्ही सांगा तिला.”

मुनियप्पाने मान हलवली. “मधलं काही नको, असं ती म्हणालीय. तिला कळलंय, अक्का. तुम्ही न येऊन तिला सांगितलंय.”

बटाट्याच्या लॉरीआड उभी राहून मी पाहिले. दूर, छपराखाली, बायकांचे एक रडणारे वर्तुळ होते आणि त्याच्या मधोमध ती. कुणीतरी तिच्या खांद्यावर डोके ठेवून हुंदके देत होते, त्यामुळे तिचा डावा हात अडकला होता. उजवा चालू होता. उचलणे, अंगठ्याने दाबणे, टाकणे. सारा बाजार छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवून आकांत करत होता, आणि अक्षर न ओळखणारी एक बाई माझ्या अनुपस्थितीवर विश्वास ठेवून कांदे निवडत होती. एखाद्या माणसावर एवढा विश्वास टाकलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि तो माझ्यावर होता. मी लॉरीआडून मागे फिरले.

समोरच्या दैनिकाने दुसऱ्या दिवशी दिलगिरी व्यक्त केली नाही. ‘यमाला यमाने परत पाठवले’ असा मथळा दिला, आणि तो अंक आदल्यापेक्षाही जास्त खपला. आमचे गठ्ठे परत आले. या धंद्याविषयीची माझी खंत विचाराल तर ती नागराजविषयी नाही. त्या अंकासाठी हात पुढे करणाऱ्या आमच्या गावाविषयी आहे.

मग माझे यशवंतपूरला न जाण्याचे दिवस सुरू झाले. स्थगिती किती काळ टिकेल हे वकीलही सांगू शकत नव्हते, आणि तोवर त्या आवारात माझे दिसणे हीच बातमी होती. यजमान म्हणाले, “अगं, कांदा घाऊक बाजारात निम्म्याने मिळतो, जाऊन ये की.” मी कोपऱ्यावरच्या दुकानातून महागाचा घेतला. मामेबहिणीचे लग्न यशवंतपूरच्या कार्यालयात होते. मी ताप आल्याचे सांगितले. हुबळीला जायचे होते तर यशवंतपूरच्या स्थानकाऐवजी शहरातल्या मोठ्या स्थानकावरून गाडी पकडली. गाडी यशवंतपूरला थांबली तेव्हा मी खिडकीची झडप ओढून घेतली. शेजारच्या आजी म्हणाल्या, “ऊन कुठाय?” मी म्हटले, “कांद्याचा वास येतो.” खोटे नव्हते. वास येत होता, आणि अजून न शिकलेल्या माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

उन्हाळा सरला, आभाळ भरून आले आणि रितेही झाले. मग एका सकाळी रामय्या माझ्या मेजाशी येऊन उभे राहिले. ते कधी कुणाच्या मेजाशी येत नसत.

“झालं,” ते म्हणाले. “मी दोनदा विचारून खात्री केली. समोरचे जादा अंक काढतायत. गठ्ठ्यांची जीप खाली उभी आहे, ती घ्या.”

“आणि बातमी? कोण लिहील?”

“बातमी थांबेल. तिला आई नाही.”

जीपमध्ये शाईचा आणि ओल्या कागदाचा वास होता. गुळाचा दर्प आला, बटाट्याचा आला. मुनियप्पाने मला पाहिले आणि यावेळी काही विचारले नाही. पोते उतरवून तो बाजूला झाला. आवारातले आवाज माझ्यापुढे एकेक करून मिटत गेले. तागडीच्या साखळ्या, अडत्यांची बोली, हातगाड्यांची चाके.

तानव्वाने मान वर केली. मला पाहिले. तिचा हात थांबला.

मला वाटले होते, की ते सगळे अंतर मलाच चालावे लागेल. पण ती उठली, पदराने हात पुसले, आणि सालींच्या पाचोळ्यातून माझ्याकडे चालत आली. अर्ध्या वाटेवर आम्ही भेटलो. तिने माझे मनगट धरले. तिच्या बोटांना कांद्याचा उग्र, जिवंत वास होता.

“लांब पडलं न्हवं तुला,” ती म्हणाली. “सांग आता.”

“मावशी, आज पहाटे झालं.”

“खरं?”

“खरं.”

तिने माझे मनगट सोडले नाही. मग म्हणाली, “काय बोलला?”

मला सांगायला हवे, की त्या क्षणी माझ्या मनात शब्द तयार होते. सुंदर होते. त्यांत आई होती, निपाणीची माती होती, क्षमा होती. कुठल्याही आईने ते आयुष्यभर उशाशी ठेवले असते, आणि जगातले कुणीही मला खोटे पाडू शकले नसते.

“मला माहीत नाही, मावशी. मी तिथे नव्हते.”

तिने मान हलवली. जणू अंगठ्याने दाबून पाहिले आणि उजवीकडे ठेवले. “म्हणून तर तुला सांगितलं होतं,” ती म्हणाली, आणि तिच्या शिकलेल्या डोळ्यांना पाणी आले.

त्याच वेळी प्रवेशद्वारातून सायकल आत शिरली. जादा अंक, जादा अंक. यमाचे अखेरचे शब्द. तो ओरडत आमच्या शेजारून गेला. तिने वळूनही पाहिले नाही.

निघताना तिने माझे मनगट पुन्हा धरले. “आता येत जा. काय सांगायचं नसलं तरी ये. नुसतीच.”

दुसऱ्या दिवशी आमच्या अंकात मी लिहिलेली पाच ओळींची बातमी आली. शेवटचे शब्द त्यात नव्हते. रामय्यांनी त्यात एकही शब्द बदलला नाही, आणि माझ्या लेखी नोकरीतला तो सन्मान होता.

मी जात राहिले, दर आठवड्याला, पिशवी घेऊन, कांद्याच्या निमित्ताने. पहिले कित्येक महिने मी छपराच्या टोकाशी दिसले, की तिचा हात थांबे. कांदा अर्ध्यावर धरलेला, अंगठा मानेवर, नजर माझ्या तोंडावर. मी जवळ जाऊन म्हणे, “काही नाही, मावशी, नुसतीच आले,” आणि मग श्वास सुटून तो हात पुन्हा चालू लागे. शरीर एकदा शिकले की सहजी विसरत नाही. तिला वाचवण्यासाठी तिनेच घालून दिलेला तो नियम तिच्या हातात रुतून बसला होता, आणि तो काढायला मी येत राहण्याखेरीज दुसरे औषध नव्हते. म्हणून मी येत राहिले. कधी तिच्यासाठी चाफ्याची फुले नेली, कधी थोडे मेतकूट. कधी गोणपाटावर बसून नुसते डोळे पुसले.

संक्रांतीनंतरची एक सकाळ होती. गुळाच्या ढेपी नव्या आल्या होत्या, हवेत उसाचा गोडवा होता. मी छपराच्या टोकाशी उभी राहिले. तानव्वाने मान वर केली, मला पाहिले, आणि ओरडून म्हणाली, “आज उशीर केलास गं, चहा निवला की.”

तिचा हात थांबला नव्हता.